अंगावर चढलेली काळजी

दुपारी डोळा लागला की कमलाक्षीला गावच्या, मयेच्या तळ्यात बोट दिसायची.

पर्यटकांना फिरवणाऱ्या पायडलच्या होड्या नव्हेत. ही खरी समुद्रावरची बोट, लोखंडाची, गंजाने तांबडी झालेली. एवढं धूड त्या एवढ्याशा तळ्यात आलं कसं, हा प्रश्न स्वप्नात कोणाला पडत नाही. भोवतालच्या डोंगराच्या खांद्याला लागेल एवढी तिची उंची, आणि वर कठड्याला टेकून साईश उभा. तो बोलायचा नाही, नुसता बघायचा. कमलाक्षी डोक्यावर डबा घेऊन पाण्यात उतरायची. पाणी ऊन असायचं, पेजेसारखं दाट, आणि ती त्यातून चालत राहायची. कितीही चालली तरी बोट होती तेवढ्याच अंतरावर. मग जाग यायची, आणि जाग येताक्षणी पोटात अशी भूक उसळायची की ती तशीच उठून बसायची.

भूक! पोर डोळ्यांपुढे उभं असताना रडू यावं, हुंदका यावा, ते सोडून पावाची भूक. तिला स्वतःची किळस यायची, आणि किळस करत करतच ती फडताळाकडे जायची.

साईश तिचा एकुलता मुलगा. आयटीआय करून बोटीवर गेला, इंजिनखोलीत. पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत मालकाचं दिवाळं वाजलं, त्याने हात वर केले, आणि बोट परक्या मुलखातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली. माणसांशिवाय बोट सोडायची नाही, असा तिकडचा कायदा. म्हणजे मालक सुटला आणि खलाशी अडकले. गेल्या दिवाळीची ही गोष्ट. तेव्हापासून फोन लागला तर लागायचा, नाही तर नाही. कॅमेरा तो कधीच लावायचा नाही; रेंज नाही म्हणायचा. आवाज मात्र यायचा, विहिरीतून आल्यासारखा.

"बरो आसां गो आई. तूं जेवली?"

"जेवलें पुता," ती म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर तो एक शब्द तिला दिवसभर टोचत राहायचा. कारण ती खरंच जेवलेली असायची, पोटभर, वर आणखी चार काकणं. काकणं म्हणजे बांगडीसारखे कुरकुरीत पाव. चहात बुडवली की किती गेली याचा पत्ता लागत नाही.

बोट अडकल्याचं कळलं त्याच दिवशी ती गावच्या देवीपुढे उभी राहिली होती. "म्हजो साईश घरा पावसर हांव शीत तोंडाक लावचें ना," म्हणाली. शीत म्हणजे भात; मुलगा घरी पोचेपर्यंत तो बंद. ज्याला हे सोपं वाटतं त्याने डिचोली तालुक्यात महिनाभर राहून बघावं. सकाळी पेज, दुपारी शीत आणि माशाचं हुमण, रात्री पुन्हा शीत; शेजारच्या चुलीवर उकडे तांदूळ रटरटत असतात आणि त्यांचा वास कुंपण ओलांडून आपल्या घरात येऊन बसतो. माणूस एक वेळ नवरा सोडील, शीत सोडणार नाही. पण कमलाक्षीने सोडलं, आणि पक्कं सोडलं. तांदळाची भाकरी नाही, पोळे नाहीत, चतुर्थीला हळदीच्या पानातली पातोळी करून सगळ्यांना वाढली, स्वतः जिभेला लावली नाही.

एवढं करून ती सुकायला हवी होती. सगळ्यांची तशी अपेक्षाही होती, तिची स्वतःचीही. पेडण्याच्या माहेरी तिला काडी म्हणत. लग्नात तिचा चुडा मनगटावर थांबत नव्हता. आईचं दुःख, त्यात शीत सोडलेलं, आता ही वाऱ्याने उडणार, असं शेजारणी एकमेकींना सांगून बसल्या होत्या.

झालं उलटंच. ती फुगत चालली. पोलक्यांच्या शिवणी एकेक करून उसवल्या. बोटातली अंगठी साबण लावून काढावी लागली. पोट तर असं पुढे आलं की वाकून उंबरा पुसताना दम लागू लागला. आणि इकडे तिचा नवरा गोकुळदास, पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी करणारा भला माणूस, त्याच्या हाडाची काडं झाली. ताटावर बसायचा, भात चिवडायचा, दोन घास कसेबसे गिळून उठायचा. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. दर थोड्या दिवसांनी बस पकडून तो वास्कोला जायचा. साईशला बोटीवर चढवणारा एजंट तिथे बसे. तिथून आला की तोंडाला कुलूप. विचारलं तर म्हणायचा, "सांगतात, बघूंया म्हूण."

आता गावाला डोळे असतात, आणि डोळ्यांना जे दिसतं त्याच्यावर गाव निकाल देतं. बाप वाळला, म्हणजे बापाचं काळीज तुटलं. आई फुगली, म्हणजे आईला सुख मानवलं. हिशोब साफ! बाजारात गोकुळदासला बघून बायका हळहळायच्या आणि कमलाक्षीला बघून एकमेकींना कोपर मारायच्या. एकीने तर नवऱ्याच्या ताटावरून तोंडावरच विचारलं, "घोवाचेंय ताट तूंच खातां काय गो?" हसत विचारलं, म्हणजे राग धरायचीही सोय नाही.

एकदा शाळेच्या स्वयंपाकघरात तिला घेरी आली. कारापूरच्या वाटेवर एका शेडमध्ये बायकांचा गट शाळांसाठी दुपारचं खाणं बनवायचा, बहुतेक दिवस भाजी-पाव, मधूनच पुलाव. कमलाक्षी त्या गटात होती. बायकांनी तिला डिचोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथे तनया नावाची डॉक्टर होती, अगदी कोवळी, पण ऐकून घेणारी. तिने दाब बघितला, रक्त बघितलं, काट्यावर उभं केलं, झोपेचं विचारलं. झोपेचं विचारल्यावर कमलाक्षीने बोटीचं सांगून टाकलं, का कोण जाणे. तळं, डबा, पेजेसारखं पाणी, सगळं. आणि शेवटी मान खाली घालून म्हणाली, "हांव शीत खायना. खरेंच खायना. तरी हें कितें म्हजें जालां?"

डॉक्टर तनयाने लिहिणं थांबवलं.

"काकी, दारांत बिबटो आयलो जाल्यार तुमकां भूक लागतली?"

"ना बाय. खंयची भूक!"

"पूण तोच बिबटो म्हयन्यांनी म्हयने आंगणांत बसून उरलो जाल्यार? आंग म्हणटा, हो कांय वचचो ना. आतां सांठोवन दवरूंया." मग तिने समजावून सांगितलं. काळजी जुनी झाली की शरीरात एक रस सतत पाझरत राहतो. तो झोप मोडतो, गोड मागतो, मैदा मागतो, आणि खाल्लेलं जाळायचं सोडून पोटाभोवती रचून ठेवतो. खाणं थोडं असलं तरी अंगाला लागतं. कोणाची भूक त्याने मरते, कोणाची पेटते. का, ते नीट कोणालाच सांगता येत नाही. "तुमचो घोव सुकता, तुमी फुगतात. काळजी तीच, काकी. फकत तांच्यांत एक तरेन, तुमच्यांत दुसरे तरेन."

कमलाक्षीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "म्हणजे हांव पापी न्हय?"

डॉक्टरला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. ती जरा गोंधळली. "पाप-पुण्य म्हज्या काट्यार दिसना, काकी," म्हणाली. "वजन तेवढें दिसता." आणि तिने गोळ्या दिल्या, पाव कमी करा म्हणाली, संध्याकाळी तळ्याच्या कडेने चाला म्हणाली.

परत येताना बसच्या खिडकीतून भाताची शेतं मागे पळत होती आणि कमलाक्षीला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. अंग तेवढंच जड, पण आत कोणीतरी खिडकी उघडली होती. काळजी तीच. हे घरी जाऊन सांगायचं, असं ती मनाशी घोकत होती. गोकुळदासला तिने चहा दिला, समोर बसली, आणि बिबट्यापासून सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. कपात बघत ऐकलं.

"म्हाका घांस घशांतल्यान देंवना," तो शेवटी म्हणाला, "आनी तुका भूक पेटता. काळजी तीच?"

एवढंच बोलला आणि उठून गेला. ओरडला नाही, टाकून बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. कमलाक्षीने त्याचा उरलेला चहा पिऊन टाकला. साखर जास्तच होती.

पुढे ते पुलावाचं घडलं.

पुलावाच्या दिवशी मीठ चाखायचं काम गटातल्या शुभांगीकडे असायचं, कारण कमलाक्षीला भात चालत नव्हता. हे गटात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी टोप उतरवून झाले होते, बायका बाहेर डबे धूत होत्या, आणि कमलाक्षीच्या फोनवर साईशचा निरोप आला. बोटीवरचं पिण्याचं पाणी संपत आलं होतं. एसीतून गळणारं पाणी ते बाटल्यांत धरत होते. भिऊ नको, असंही त्याने खाली लिहिलं होतं.

तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं. आणि तिचा हात आपोआप टोपल्याकडे गेला. सकाळी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, टाकलेले उंडे होते, जाड सालीचे, वाटोळे. तिने एक उंडा उचलला आणि कोरडाच तोंडात कोंबला. डोळ्यांतून धारा, तोंडात पाव, घास फिरत नाही आणि थांबवतही नाही. आपण काय खातोय याची चव तिला नव्हती. खाल्लं नाही तर आपण इथेच कोसळू, एवढंच कळत होतं. उंडा संपला आणि शेवटचा घास तोंडात असताना शुभांगी आत आली. समोर उघडा टोप, वाफा येणारा पुलाव, आणि टोपाशी उभी कमलाक्षी, गाल फुगलेले.

"कितें खातां गो?" शुभांगीने विचारलं.

कमलाक्षीने घास गिळला. "कांय ना," म्हणाली.

ते दोन शब्द तिला नडले. पाव म्हणाली असती तर प्रश्न मिटला असता. पण मुलाला प्यायला पाणी नाही हे वाचून आई पाव खाते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा काही नाही म्हणणं तिला सोपं वाटलं. शुभांगी वाईट बाई नव्हे. ती फक्त घरी जाऊन सासूला म्हणाली, आणि सासूला पाय होते. खाई त्याला खवखवे, असं म्हणत ती गोष्ट मये फिरून डिचोलीच्या बाजारात गेली, आणि तिथे गोकुळदासच्या थोरल्या बहिणीला, वत्सलाबायला, गाठून बसली.

वत्सलाबाय दुसऱ्याच दिवशी आली. आली ती बसलीच नाही. "शीत सोडिल्लें मनीस सुकता," उभ्याउभ्याच म्हणाली. "हें फुगता. देवीक फसयता आनी पोर थंय उदकाबगर मरता. गोकुळ, तुका दिसना?"

"हांवें शीत खाऊंक ना, बाय," कमलाक्षी म्हणाली.

"मागीर टोपार उबें रावून कितें खातालें?"

कमलाक्षीने नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. पाव, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण याने एकदा तरी वर बघावं, मग सांगू, असं तिच्या मनात आलं, आणि त्याने बघितलं नाही. माणूस अशा वेळी हट्ट धरतो तो कशासाठी, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तिला सांगून सुटायचं नव्हतं. न सांगता त्याचा विश्वास हवा होता. साईश घरी यावा एवढंच आतापर्यंत तिचं मागणं होतं. त्या दिवसापासून दोन झाली.

वत्सलाबायने ठरवलं, देवीला कौल लावायचा. तिकडे रीतच आहे. पुजारी देवीच्या मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो, विचारणारा प्रश्न विचारतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीचे तंटे, लग्नं, चोऱ्या, सगळं तिथे विचारतात. शीत मोडलं की नाही, हे विचारायचं होतं, आणि विचारायचं गोकुळदासने.

सकाळचं देऊळ. फरशी नुकती धुतलेली, समया लागलेल्या, गाभाऱ्यातून ओल्या फुलांचा वास येत होता. कमलाक्षी खांबापाशी उभी होती. तिला ते सगळं लांबून, पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. पाकळ्या लागल्या. पुजाऱ्याने मागे वळून बघितलं. "विचार."

गोकुळदासने हात जोडले. वत्सलाबायने त्याला प्रश्न पाठ करून आणला होता. त्याने तोंड उघडलं, आणि त्याची नजर बाजूला खाली गेली. कमलाक्षीचे पाय ओल्या फरशीवर होते, सुजलेले, बोटं एकमेकांत दबलेली, जोडव्यांनी मांस कापत आणलेलं. तो त्या पायांकडे बघत राहिला. समईची वात तडतडली. पुजाऱ्याने पुन्हा म्हटलं, "विचार रे."

"साईश घरा येतलो मगो, माये?" गोकुळदास म्हणाला.

उजवी पाकळी ओघळली. पुजाऱ्याने प्रसाद दिला. वत्सलाबायचं तोंड आंबलं, पण देवीपुढे बोलायची सोय नव्हती.

कोणाला वाटेल, कमलाक्षीचा जीव भांड्यात पडला असेल. नाही पडला. त्याने विचारलं नाही हे खरं. पण विचारायच्या मनाने तो घरून निघाला होता, तिच्याबरोबर तेवढी वाट चालला होता, आणि वाटेत एकदाही काही बोलला नव्हता. घरी परतताना ती चार पावलं मागे राहिली. त्याला ते कळलं, तरी तो थांबला नाही. लाज वाटली की माणसं अशीच भराभर चालतात.

त्यानंतर घरात दोन माणसं दोन बेटांसारखी राहू लागली. तो कमी जेवायचा आणि ती वाढून बाजूला व्हायची. तिची स्वप्नं लांबत गेली. आता बोटीवर साईशच्या शेजारी गोकुळदासही दिसू लागला, पाठमोरा. ती हाक मारायची, आवाज पाण्यात विरघळायचा. जाग आली की ती फडताळाकडे जायची, आणि आता किळसही येईनाशी झाली होती. खात असताना तेवढा वेळ बोट डोळ्यांआड व्हायची, बस. संध्याकाळी मात्र डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे ती तळ्याच्या कडेने चालायची. गाव म्हणायचं, बघा, आता बारीक व्हायला निघाली.

चतुर्थी झाली. तळं भरून आलं. आणि एका सकाळी वास्कोहून फोन आला. तिकडच्या कोर्टाने बोट विकली होती. नव्या मालकाची माणसं चढली आणि जुनी उतरवली. साईश विमानाने मोपाला उतरणार होता.

गोकुळदास फोन हातात धरून अंगणात उभा राहिला. काही केल्या त्याला तो बंद करता येईना. कमलाक्षीनेच जाऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला. त्यांची बोटं लागली एकमेकांना. त्याची थंड होती.

विमानतळावर जायला वत्सलाबायच्या मुलाची, गौरेशची, गाडी होती, म्हणजे वत्सलाबायही आलीच. तिने थर्मासमध्ये पातळ पेज घेतली होती, वर शाल. "पोराचो सांगाडो जालो आसतलो," वाटभर म्हणत होती. "एकदम दाट दिवचें न्हय. पोटाक सोसचें ना." गोकुळदास मान हलवत होता. त्यानेही मनात एक साईश तयार केलेला होता, गाल बसलेला, डोळे खोल गेलेला, स्वतःसारखा.

विमानतळाच्या काचेच्या दारातून माणसं येऊ लागली. गोकुळदास कठड्यावर ओणवून बारीक पोरांचे चेहरे चाचपत होता. एक हडकुळा मुलगा बॅग ओढत आला तसा तो पुढे धावला, आणि कोणा दुसऱ्याच बाईने त्या मुलाला मिठी मारली. मग एक जाडा माणूस आला, थुलथुलीत, चेहरा सुजल्यासारखा, शर्टाची बटणं ताणलेली, बॅग उचलताना धापा टाकणारा. गोकुळदास त्याला वाट द्यायला बाजूला सरकला.

तो जाडा माणूस त्याच्यासमोरच थांबला.

"बाबा," म्हणाला.

कमलाक्षीने त्याला काचेपलीकडेच ओळखलं होतं. तिला शोधावं लागलंच नव्हतं. दारातून आपणच चालत येतोय असं तिला वाटलं होतं. तोच सुजलेला चेहरा, तीच पोटाखाली हात लपवायची सवय. ती पुढे झाली आणि तिने त्याला धरलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली, चारचौघांत, तोंडावर पदर न घेता. वत्सलाबायच्या हातातला थर्मास तसाच राहिला.

गाडीत साईश पुढे बसला. मग तो काचेकडे तोंड करूनच म्हणाला, "फोनार कॅमेरा लायनाशिल्लों तो ह्या आंगाखातीरच. तुमी कितें म्हणटले म्हूण."

"कितें म्हणटले?" कमलाक्षीने विचारलं.

"बोटीर सगळे सुकले, आई. हांव एकलोच असो फुगलों. नूडल्स, बिस्किटां, कोणें सोडिल्लें, मेळटा तें. भूक नसली तरी. ते म्हणटाले, तुका घरची याद येना, तूं मजेंत आसा." त्याने काच खाली केली. "हांव खातालों आनी रडटालों. कोणाक सांगूं?"

मागच्या सीटवर कमलाक्षी मध्ये बसली होती, एका बाजूला वत्सलाबाय, दुसऱ्या बाजूला गोकुळदास. वत्सलाबाय खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. गोकुळदास साईशच्या मानेकडे बघत होता, मानेवरच्या वळीकडे, आणि तिथून त्याने नजर हळूच शेजारी आणली. कमलाक्षीने ती अंगावर पडलेली जाणली. ती समोर बघत राहिली.

पेडण्याच्या बाजारात गौरेशने गाडी थांबवली. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. छोटंसं हॉटेल, लाकडी बाकं. शीत कमलाक्षीला अजून चालत नव्हतं, आधी देवीकडे जायचं होतं. म्हणून सगळ्यांसाठी पातळ भाजी आणि उंडे मागवले. बशा आल्या. भाजीवर तर्री तरंगत होती, उंडे गरम होते.

गोकुळदासने उंडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. मग दुसरा घास घेतला, मग तिसरा. तो जेवत होता. वाकून, भराभर, बशीच्या कडा पुसत, जणू वर्षाची भूक एकदम जागी झाली होती. वत्सलाबाय तोंडात बोट घालून बघत राहिली. बशी पुसून झाल्यावर त्याने मान वर केली, आणि त्याला दिसलं की समोरच्या दोन बशा तशाच आहेत. कमलाक्षीने उंड्याला हात लावला नव्हता. साईशनेही नाही. दोघं एकमेकांना बघत बसली होती.

"तुमी कित्याक खायनात?"

"भूक ना," दोघं एकदमच म्हणाली.

गोकुळदासच्या हातातला पावाचा तुकडा खाली आला. तो तिच्याकडे बघत राहिला, या वेळी नजर न वळवता.

"म्हाका दिसतालें," तो म्हणाला, "तूं खाता म्हणजे तुका कांय पडूंक ना. हांवें संशय घेतलो गो तुजेर. देवळांत मेरेन गेलों."

"म्हाका खबर आसा."

"तूं कांय उलोवंक ना."

"तुमी विचारूंक ना," कमलाक्षी म्हणाली. "म्हाका राग आयिल्लो तुमचो. अजून आसा."

तिने आपली बशी पुढे सारली, ती त्याच्या बशीला जाऊन टेकली. गोकुळदासने ती ओढून घेतली आणि मान खाली घालून तो जेवू लागला. डोळ्यांतलं पाणी भाजीत पडत होतं. ती त्याला थांबवत नव्हती आणि पुसायला पदरही देत नव्हती. त्याचा पाव संपत आला तशी ती गल्ल्याकडे वळली आणि मालकाला हाक मारून तिने त्याच्यासाठी अजून एक उंडा मागवला.